२०:४५ म्हणजे पावणेनऊ: जर्मनीला निघालेल्या साताऱ्याच्या ताईंसाठी

ताई, ऑफर लेटरसोबत आलेल्या ड्युटीच्या कागदावर १३:१५, २०:४५ असे आकडे आहेत, ते आपल्या घड्याळात कसे बसवायचे, असं तुम्ही विचारलंत. मी मूळचा सांगलीचा, इथे श्टुटगार्टजवळ हॉस्पिटलात नर्सिंगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे लेखी व्यवहारात चोवीस तासांचंच घड्याळ चालतं. ड्युटी, ट्रेन, डॉक्टरची अपॉइंटमेंट, दुकानाच्या दारावरची पाटी, सगळीकडे. आपल्याला ते अगदीच परकं नाही. रेल्वेच्या तिकिटावर हीच वेळ असते, आणि तुमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावात कुणाही माजी सैनिकाला विचारलंत तर ते झोपेतही सांगतील.

हिशेब सोपा आहे. दुपारी एक वाजेपर्यंत काही करायचंच नाही: ०७:३० म्हणजे सकाळचे साडेसात, १२:४० म्हणजे दुपारचे बारा चाळीस. तेरापासून पुढे बारा वजा करायचे. १३:१५ म्हणजे दुपारी सव्वा, २०:४५ म्हणजे रात्री पावणेनऊ. मिनिटांना हात लावायचा नाही. पण वॉर्डात हँडओव्हर चालू असताना वजाबाकी करत उभं राहता येत नाही, म्हणून तीन आकडे पाठच करा: १५ म्हणजे तीन, १८ म्हणजे सहा, २१ म्हणजे नऊ. बाकीचे त्यांच्या मागेपुढे आपोआप सापडतात. नवीन माणसाची नजर १८ मधला आठ उचलते आणि सहाच्या ठिकाणी आठ धरून बसते. तेवढं सांभाळा.

खरी काळजी घ्यायची ती मध्यरात्रीची. ००:२० म्हणजे रात्रीचे बारा वीस, आणि तारीख नव्या दिवसाची. तिकिटावर १४ तारीख, ००:२० असेल तर १३ तारखेला रात्री जेवून स्टेशनवर निघायचं. १४ च्या रात्री गेलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. कुठे कुठे २४:०० असंही लिहितात. ‘रविवारी २४:०० पर्यंत’ म्हणजे रविवार संपेपर्यंत, आणि तोच क्षण सोमवारचा ००:०० असतो. नाइटची ड्युटी कागदावर ज्या तारखेखाली असते, त्या तारखेला ती सुरू होते. संपते दुसऱ्या दिवशी सकाळी.

बोलताना मात्र लोक बारा तासांचंही घड्याळ वापरतात. कुणी ‘हाल्ब आख्ट’ म्हणालं तर ते साडेसात, साडेआठ नव्हे. शंका वाटली तर आकड्यात लिहून मागा, कुणी काही मनाला लावून घेत नाही.

फोनचं घड्याळ आजच चोवीस तासांवर करून टाका. निघेपर्यंत डोळ्याला सवय होईल.

घरच्यांना मात्र आपल्याच पद्धतीने वेळ सांगा, आणि फरकही धरा. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. जानेवारीत तुमची ड्युटी २१:०० ला सुटेल तेव्हा साताऱ्यात रात्रीचा दीड वाजलेला असेल, आई झोपलेली असेल. नाइट करून ०६:३० ला सुटलात तर तिथे सकाळचे अकरा, निवांत बोलता येतं.

हा फरक बदलतो कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे इथलं घड्याळ २ वरून थेट ३ वर जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ३ वरून परत २ वर येतं. ऑक्टोबरच्या त्या रात्री ड्युटी असेल तर ती एक तास लांबते आणि ०२:३० दोनदा वाजतात. अधिकृतपणे पहिल्या तासाला २ए आणि दुसऱ्याला २बी म्हणतात. पेशंटच्या फाइलमध्ये औषधाची वेळ तुमच्या वॉर्डात त्या तासात कशी नोंदवतात, ते सीनियरला आदल्या दिवशीच विचारून ठेवा.