पावसात तळ्याकाठी पक्षीनिरीक्षण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पावसात दुर्बीण सारखी धुरकट होते. आत पाणी शिरले असेल का? आणि भिजलेली काच पुसावी कशी?

उत्तर : लेन्सच्या कोरड्या कापडाचे टोक काचेला हलकेच टेकवा. तेवढीच जागा स्वच्छ झाली तर वाफ बाहेरची आहे. गाडीतल्या गार एसीतून दुर्बीण थेट दमट हवेत काढली की तिच्यावर वाफ हमखास धरते. म्हणून तळे येण्याआधी पंधरा-वीस मिनिटे एसी बंद करा आणि तोवर दुर्बीण पिशवीतून काढू नका. श्वास आणि घाम यांचीही वाफ मागच्या काचांवर बसते. तेव्हा दुर्बीण क्षणभर डोळ्यांपासून दूर धरा. वाफ आतून असेल तर सील गेले आहे. दुर्बीण दुरुस्तीलाच द्या, घरी उघडू नका.

काच पुसण्याआधी थेंब झटका आणि ब्लोअरने कण उडवा, मग मायक्रोफायबरने टिपा. शर्टाचे टोक कधीच वापरू नका; वाळूचा एक कण काचेवरच्या लेपावर कायमचा ओरखडा पाडतो. घरी आल्यावर दुर्बीण आधी पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा. ओल्या कव्हरात राहिली तर काचेवर बुरशी चढते. नवी घेणार असाल तर 10×42 पेक्षा 8×42 घ्या (पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीत). 42 भागिले 8 म्हणजे सव्वापाच मिमीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, दहाच्या दुर्बिणीत 4.2. अंधुक उजेडात हा फरक जाणवतो.

प्रश्न : तळ्याला पूर्ण फेरी मारूनही फारसे काही दिसत नाही. चुकते कुठे?

उत्तर : फेरीच चुकते. सर कोसळत असताना पक्षीही आडोशाला असतात. एक जागा धरून बसा आणि उघडीप होण्याची वाट पाहा. सर थांबताच पाणकावळे पंख पसरून वाळवू लागतात, बगळे उथळ पाण्यात उतरतात. रिमझिम चालू असेल तर पाकोळ्या पाण्यालगत किडे टिपताना दिसतात. खंड्या मात्र बराच वेळ नुसता बसून राहतो, कारण थेंबांनी पाणी ढवळले की त्याला मासा नीट दिसत नाही. चिखलात चरणारे तुतवार, शेकाटे गायब झाले असतील तर पाण्याची पातळी बघा. चिखलपट्टी बुडली की ते आसपासच्या पाणी साचलेल्या शेतांत आणि गवतात जातात. छत्री चालते, पण ती एकाच जागी स्थिर धरायला हवी. फडफडली की पक्षी उठतात.

प्रश्न : तांबूस पाठीचा बगळा दिसला, पुस्तकात सापडत नाही.

उत्तर : बहुधा वंचक, विणीच्या पोशाखातला. एरवी मातकट, रेघारेघांचा असलेला हा पक्षी या काळात पाठीवर गडद किरमिजी होतो. उडताना पांढरेशुभ्र पंख दिसले तर शंका उरत नाही. डोके-मान नारिंगी आणि बाकी अंग बहुतांशी पांढरे असेल तर तो गायबगळा. ओली पिसे गडद दिसतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नका. चोच, पाय आणि चाल आधी टिपा. तेही पेन्सिलीने, शाई ओल्या कागदावर पसरते.

प्रश्न : विजा चमकू लागल्या तर?

उत्तर : चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर लगेच निघा. एकट्या झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.