आईचा उजवा तळपाय सपाट होत चाललाय, कापूस वेचून आल्यावर घोटा दुखतो. काय करावं?

लहानपणापासून दोन्ही पाय सपाट असते आणि दुखत नसते, तर काहीच करू नका म्हटलं असतं. मोठ्या वयात एकच पाय बसतोय म्हणजे बहुधा आतल्या घोट्यामागून जाणारा, तळपायाची कमान उचलून धरणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कमजोर झालाय. भिंतीला हात टेकवून त्यांना फक्त उजव्या पायाच्या चवड्यावर उभं करा. टाच उचलतच नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच.

वावरात सपाट रबरी चप्पल बंद. टाच घट्ट धरणारा बूट आणि आत कमानीला आधार देणारा इनसोल हवा. घेताना बूट हातांनी वाकवून पाहा: मधोमध दुमडला तर ठेवून द्या, तो चवड्यापाशीच वाकायला हवा.

पोटरीचा ताण: उजवा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, ३० सेकंद, ३ वेळा, सकाळ-संध्याकाळ. पाऊल बाहेर वळू देऊ नका, नाहीतर सगळा ताण कमानीवर येतो. सुजेवर जोरात चोळून घेणं तर नकोच.

शुगर असेल आणि पाऊल गरम, लाल, सुजलेलं दिसलं, तर दुखत नसलं तरी त्यावर भार न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा.