मायएसक्यूएल या डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी डिलीट केल्या, तरी डिस्क मोकळी का होत नाही?

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाच्या जुन्या हंगामांच्या पट्ट्या तुम्ही डिलीट केल्या, नोंदी निम्म्यावर आल्या, तरी आयबीडी फाइल (टेबलचा डेटा ठेवणारी डिस्कवरची फाइल) होती तेवढीच आहे. यात बिघाड काही नाही. कट्टे उचलले म्हणून गोदाम लहान होत नाही.

इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन, डेटा 16 केबीच्या पेजमध्ये, म्हणजे ठराविक मापाच्या तुकड्यांत ठेवतं. इंडेक्सच्या सेगमेंटला, म्हणजे त्याच्या वाट्याच्या जागेला, पहिली 32 पेज एकेक करून मिळतात, पुढे 64 पेजचा म्हणजे 1 एमबीचा सलग गठ्ठा (एक्स्टेंट) एकदम. डिलीट केल्यावर नोंदीवर आधी नुसती खूण होते. पर्ज थ्रेड (मागे चालणारा सफाईचा भाग) ती नोंद मागाहून काढतो, आणि एखादं जुनं ट्रान्झॅक्शन उघडं राहिलं असेल तर तोही अडून बसतो. रिकामं पेज टेबलस्पेसकडेच, म्हणजे त्या फाइलमधल्या जागेतच राहतं, ऑपरेटिंग सिस्टिमला परत जात नाही. यंदाच्या पट्ट्या त्याच जागेत बसतील. तेवढीच आवक होणार असेल तर मी काहीच करणार नाही.

डिलीट कसं केलं यावरही बरंच अवलंबून आहे. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे आपोआप वाढणारा क्रमांक असेल आणि तारखेनुसार काढलं असेल, तर सलग पेज रिकामी होतात. पण शेतकऱ्यांच्या खात्यानुसार काढलं, तर प्रत्येक पेजमधून चार-दोन नोंदी जातात आणि पेज अर्धवट भरलेली राहतात. ही पोकळी इन्फर्मेशन स्कीमातल्या (मायएसक्यूएल स्वतःबद्दलची माहिती देतं त्या तक्त्यांतल्या) डेटा_फ्री या आकड्यात दिसत नाही, कारण तो फक्त पूर्ण रिकामे एक्स्टेंट मोजतो. तो कमी दिसला म्हणून फसू नका.

जागा हवीच असेल तर मोंढा बंद झाल्यावर ऑप्टिमाइझ टेबल ही कमांड चालवा. 'टेबल ऑप्टिमाइझला सपोर्ट करत नाही' असा मेसेज येईल, घाबरू नका; ते टेबल नव्याने बांधतंय. मात्र नवी प्रत पूर्ण होईपर्यंत जुनी तशीच असते, म्हणून उरणाऱ्या डेटाएवढी तरी जागा आधी मोकळी हवी, वर थोडी जास्तच. डिस्क गच्च भरल्यावर हा उपाय सुचला तर तो अर्ध्यात बंद पडतो. फाइल पर टेबल (प्रत्येक टेबलला वेगळी फाइल देणारी सेटिंग) बंद असताना बनलेलं टेबल आयबीडेटा1 या सामाईक फाइलमध्ये असतं, आणि ती फाइल याने आकसत नाही.

दरवर्षी हेच करायचं असेल तर हंगामाच्या तारखेवर टेबलची पार्टिशन, म्हणजे वर्षावार वेगळे भाग करा. ड्रॉप पार्टिशन केलं की त्या वर्षाची फाइलच जाते, जागा लगेच मिळते. त्यासाठी तारखेचा कॉलम प्रायमरी कीमध्ये आणि प्रत्येक युनिक कीमध्ये घ्यावा लागतो, शिवाय त्या टेबलवर फॉरेन की (दुसऱ्या टेबलशी जोडणारी की) चालत नाही. शेतकरी मास्टरशी जोडलेली की असेल तर ती आधी काढावी लागेल.