हिमोफिलियासारख्या, रक्त नीट न गोठण्याच्या आयुष्यभराच्या आजारात रुग्णसंघटनेचा खरोखर उपयोग होतो का?

आपण कोल्हापुरातील एका हिमोफिलियाग्रस्त मुलाचे पालक म्हणून हे विचारले आहे, आणि माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. एकट्या पालकाने औषधाच्या खिडकीशी केलेली विनंती त्या दिवसापुरतीच राहते; संघटना मात्र सर्व रुग्णांची वर्षभराची गरज आकड्यांत मांडून, फॅक्टरचा, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या औषधाचा, साठा संपण्यापूर्वीच खरेदीचा आग्रह धरू शकते.

याचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण मुंबईचे आहे. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाच्या पेटंटला कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचे अपील फेटाळल्यामुळे, वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या रुग्णांसाठी स्वस्त जेनेरिक औषधाची वाट मोकळी राहिली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचाही समावेश आहे, तेव्हा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज अवश्य करावा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाल तेव्हा इतर पालकांशी ओळख करून घ्यावी, आणि मिळालेल्या तसेच न मिळालेल्या प्रत्येक डोसची तारीखवार नोंद ठेवावी, कारण संघटनेच्या निवेदनाला बळ अशा नोंदींतूनच येते.