लाल बटूसमोर १४ टक्क्यांची डिप: ग्रह म्हणण्याआधी

डिचोलीकर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. नासाच्या टेस या ग्रहशोधक उपग्रहाच्या डेटात कर्क राशीत एक लाल बटू, म्हणजे छोटा थंड तारा, सापडला, वस्तुमान सूर्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं, दर २.९ दिवसांनी प्रकाश १४ टक्क्यांनी उतरतो (हीच डिप), म्हणजे समोरून शनीएवढा ग्रह जात असणार. कॉलेजच्या आठ इंची दुर्बिणीतून गच्चीवरून खात्री करता येईल का, आणि मेलना कोणी उत्तर का देत नाही, हे तुमचे प्रश्न. पण मला लिहायला बसवलं ते तुमच्या शेवटच्या ओळीने: "परदेशातून इन्फ्रारेड फिल्टर मागवलाय, पुढच्या आठवड्यात हातात येईल." येईल म्हणे!

आधीच सांगतो, मी व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नाही. फोंड्याकडे राहतो, पोटापाण्याचं काम वेगळं, हा नाद रात्रीचा. लाइटकर्व्ह हा प्रोग्राम कसा वापरायचा, डेटा फोल्ड कसा करायचा (म्हणजे सगळी आवर्तनं एकावर एक कशी रचायची) वगैरे लिहीत नाही, ते तुम्हाला येतं.

आता ग्रहाचं बघू. डिप किती खोल आहे त्यावर भाळू नका. सूर्यासमोरून गुरू गेला तर प्रकाश १ टक्का कमी होतो. तुमच्या ताऱ्याची त्रिज्याच सूर्याच्या पावपटीच्या आसपास, तिथे शनीएवढं काहीही आडवं आलं तरी १४-१५ टक्के झाकणारच. २०२५ मध्ये टीओआय-६८९४ बी नावाचा ग्रह जाहीर झाला, त्याच्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या ०.२०७ पट, डिप १७ टक्के, आणि तेव्हापासून सगळ्यांना वाटायला लागलं की हे घरबसल्या जमेल. त्या चमूने टेसने पाहिलेले ९१,००० छोटे लाल तारे चाळले होते. डिप दिसल्यावरही काम संपलं नाही, चिलीतल्या ८ मीटरच्या व्हीएलटी दुर्बिणीवर ग्रहाच्या ओढीने होणारं ताऱ्याचं डुलणं मोजलं तेव्हा कुठे ग्रहाचं वस्तुमान कळलं: गुरूच्या ०.१६८ पट. इतक्या छोट्या ताऱ्यांजवळ असले मोठे ग्रह हजारात एखाद-दुसरा. बिचाऱ्या ताऱ्याच्या भोवतालच्या तबकडीत मुळात धूळच कमी, ग्रहाचा गाभा जमायचा कशातून? सिद्धांतवाले त्यावर अजून डोकं खाजवताहेत.

आणि आकाराने शनीएवढा म्हणजे ग्रहच, हे कुठून आणलं? गुरू, तपकिरी बटू (तारा व्हायला वजनात कमी पडलेले गोळे) आणि सगळ्यात लहान तारे यांचे आकार जवळपास सारखेच असतात, फरक असतो तो वजनात. २०१७ मध्ये ईबीएलएम जे०५५५-५७ एबी नावाचा तारा जाहीर झाला तो शनीपेक्षा जेमतेम मोठा, वस्तुमान मात्र गुरूच्या सुमारे ८५ पट. असला सोबती तुमच्या ताऱ्यासमोरून गेला तरी डिप अशीच दिसेल. फक्त तो स्वतः थोडा उजळ असल्यामुळे ताऱ्यामागे गेल्यावर एक बारीक दुसरी डिप पडते. फोल्ड केलेल्या आलेखात अर्ध्या आवर्तनाच्या आसपास ती शोधा, कक्षा लंबगोल असेल तर थोडी सरकलेलीही असेल.

त्याहून वाईट म्हणजे जुळी भावंडं. दोन सारखेच लाल बटू एकमेकांना कडेकडेने झाकत असतील तर दोन्ही ग्रहणं सारखीच खोल दिसतात आणि प्रोग्राम तुम्हाला खऱ्याच्या निम्मा काळ काढून देतो. तुमचे २.९ दिवस प्रत्यक्षात ५.८ असू शकतात. सम आणि विषम डिप वेगळ्या काढून एकावर एक ठेवा. डिपचा तळ सपाट की इंग्रजी व्हीसारखा, तेही बघा, कडेकडेच्या ग्रहणात व्ही दिसतो. शिवाय टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, त्यात शेजारचे चार तारे सहज मावतात. शेजाऱ्याची ५० टक्क्यांची डिप सगळ्यांच्या उजेडात मिसळून तुमच्या ताऱ्याच्या नावावर १४ टक्के म्हणून लागते. आठ इंचीचा खरा उपयोग इथे आहे: नेमका कोणता ठिपका मंदावतो ते बघणं. फिल्टर नसला तरी हे काम आजपासून होतं.

फिल्टर लागतो तो पुढे. ग्रह काळाकुट्ट, त्यामुळे तांबड्यात आणि अवरक्तात डिप जवळजवळ सारखीच यायला हवी. दोन रंगांत खोली ठळक वेगळी आली की समजावं, कुठला तरी दुसरा तारा यात उजेड घालतोय. (जुळ्या भावंडांना ही परीक्षा लागू नाही, दोघांचा रंग एकच. तिथे स्पेक्ट्रम, म्हणजे उजेडाचा वर्णपटच हवा.)

तर हा फिल्टर. माझाही असाच एक उमेदवार तारा होता, मीही आय-बँडचा, म्हणजे तांबड्याच्या लगतच्या अवरक्ताचा फिल्टर मागवला. अॅल्युमिनियमच्या रिंगमध्ये बसवलेली, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी काच. विक्रेत्याने बिलावर लिहिलं "इन्फ्रारेड फिल्टर", आणि एका कार्यालयाने, नाव घेत नाही, तेवढ्यावरून पार्सल अडवलं. नाइट व्हिजनचं आहे का? लायसन कुठाय? वापरणारी संस्था कोणती? मी संस्था नाही, माणूस आहे म्हटल्यावर फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. त्या टेबलाने कॅटलॉग मागितला, कॅटलॉग दिल्यावर तो पहिल्या टेबलाने मान्य करावा असं ठरलं. शेवटी प्रत्यक्ष गेलो, तर साहेबांनी डबी उघडून काच अंगठ्या-बोटात धरली, ट्यूबलाइटकडे रोखली आणि म्हणाले, "ह्यातून तर काहीच दिसत नाही, मग हे उपयोगाचं काय?" काच ७०० नॅनोमीटरच्या पुढचं सोडते हो, डोळ्याला काळपट लालच दिसणार! सुटका झाली तोवर गोदामभाडं फिल्टरच्या किमतीपुढे गेलं होतं, काचेवर साहेबांचा अंगठा उमटलेला होता आणि बाहेर पाऊस सुरू झाला होता.

नुसते पैसे गेले असते तर एवढं लिहिलं नसतं. टेसचा एक सेक्टर सुमारे २७ दिवसांचा, त्यात तुमच्या वाट्याला नऊ-दहा डिप. आवर्तनकाळात अर्ध्या मिनिटाची खोट राहिली तरी वर्षभरात सव्वाशे फेऱ्या होतात आणि पुढची डिप कधी, यात तासाभराचा घोळ पडतो. डिप स्वतःच बहुधा तास-दीड तासाची. आपल्याकडे जून लागला की चवथ होईस्तोवर आकाश विसराच, आणि कर्क राशी तर हिवाळ्याशिवाय नीट हाती लागत नाही. म्हणजे त्या टेबलांनी माझं एक पार्सल नव्हे, माझ्या ताऱ्याचं वेळापत्रकच शिळं केलं. पुढे कुणा मोठ्या दुर्बिणीवाल्यांनी त्याचा स्पेक्ट्रम घेतला, रेषा दुहेरी निघाल्या, म्हणजे तारे दोन, विषय मिटला. पण तो मला माझ्या गच्चीवरून मिटवायचा होता.

म्हणून सांगतो (नियम बदलतात, एखाद्या कस्टम एजंटाला विचारून घ्या): पार्सल निघालं नसेल तर विक्रेत्याला बिलावर पूर्ण वर्णन लिहायला लावा. दुर्बिणीसाठी काचेचा फिल्टर, व्यास इतका, विजेचा भाग नाही, शैक्षणिक वापर. खोटं काही नको, पण एकटा "इन्फ्रारेड" शब्द मोकाट सोडू नका. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा. आणि त्याआधी पणजीला असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही हौशी मंडळींची संस्था आहे, तिथल्या मंडळींत विचारा, कुणाकडे तरी असा फिल्टर पडून असेलही.

फिल्टर आला की आपल्या हवेचा त्रास सुरू. हे पुस्तकांत फारसं येत नाही म्हणून जरा जोर देऊन लिहितो. लाल बटूचा बहुतेक उजेड अवरक्ताकडचा, आणि हवेतली वाफ नेमकी तिथेच खाते: ७२० आणि ८२० नॅनोमीटरच्या आसपास थोडी, ९४० जवळ भरपूर. तुम्ही तुलनेला घेतलेले तारे साधारण सूर्यासारखे, त्यांना हा फटका कमी बसतो. संध्याकाळचे खारे वारे पडून मतलई वारे सुरू झाले, वाफ बदलली, की लाल तारा एकटाच हळूहळू मंद किंवा उजळ होतो आणि तुम्हाला ग्रह दिसायला लागतो. लाल बटूंभोवती ग्रह शोधणाऱ्या अमेरिकेतल्या एमअर्थ प्रकल्पाला अॅरिझोनाच्या कोरड्या डोंगरावरही याची दुरुस्ती करावी लागली, आपण तर समुद्राच्या कुशीत. १४ टक्क्यांची डिप यात बुडणार नाही, पण दोन रंगांतल्या खोलीतला बारीक फरक नक्की बुडेल. म्हणून आयच्याही पुढच्या झेड-बँडच्या मोहात पडू नका, ९४० चा पट्टा त्यात येतो. आय आणि आर (तांबडा) पुरेत. तुलना-तारे युरोपच्या गाइया उपग्रहाच्या तारायादीतून मिळतील तेवढे लाल निवडा, भले थोडे मंद असोत. आणि डिपच्या आधी-नंतर तासभर तरी कोरा, म्हणजे डिप नसलेला प्रकाश घ्या. माझं मत विचाराल तर तसा कोरा प्रकाश नसलेला आलेख कुणाला दाखवूच नये.

मेलचं म्हणाल तर प्राध्यापकांवर रागावू नका, त्यांना असल्या मेल रोज येतात. एक्सोफॉप या ग्रह-उमेदवारांच्या संकेतस्थळावर सामान्य लोकांनाही उमेदवार नोंदवता येतो, आधी तिथे ताऱ्याचा टीआयसी (टेसच्या यादीतला) क्रमांक शोधा, कदाचित कुणीतरी तो बाद करून ठेवलेलाही असेल. आणि वजनाबाबत एक दिलासा: सोबती तारा किंवा तपकिरी बटू असेल तर तुमचा तारा सेकंदाला कित्येक किलोमीटरने मागेपुढे होईल, ते मध्यम स्पेक्ट्रोग्राफलाही कळतं. टीओआय-६८९४ सारखा खरा ग्रह असेल तर तेच डुलणं सेकंदाला साधारण ६५ मीटर. म्हणजे "ग्रह नाही" हे स्वस्तात कळतं, "आहे" हे महागात.

अवांतर: डिपची वेळ टेसच्या आकड्यावरून काढताना ज्युलियन दिनांकासाठी २४५७००० मिळवायला विसरू नका. शिवाय तो आकडा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरचा आहे, आपल्या घड्याळाशी आठ-नऊ मिनिटांपर्यंत फरक पडतो. भारतीय वेळेचे साडेपाच तास त्यानंतर. दुर्बिणीच्या तोंडाला दव-पट्टी (काच कोमट ठेवणारी) नसेल तर जानेवारीत दहा वाजताच काच ओली होईल, पंख्याने भागत नाही.

चूभूदेघे. टीआयसी क्रमांक, गाइयाचा रंगांक आणि सम-विषम डिपचा आलेख इथे टाका. सम-विषम जुळले तरच तुलना-तारे निवडायला बसू.