निर्दोष मुले आणि त्यांचे आईवडील

प्रश्न : अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्यांची बाजू घेणारे लोक नेहमी लहानपणी तिथे आणलेल्या मुलांची उदाहरणे देतात. ज्यांनी कायदा मोडला त्यांच्याविषयी बोलण्याऐवजी ही भावनेला घातलेली साद नाही का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : भावना त्यात आहेच, पण मुळाशी एक कायदेशीर युक्तिवाद आहे. टेक्सास राज्याने अशा मुलांना सरकारी शाळेतले मोफत शिक्षण नाकारले होते. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द करताना, आईवडिलांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देणे न्याय्य नाही, असे म्हटले. अशा मुलांना कायदेशीर दर्जाची वाट खुली करणारे ‘ड्रीम ॲक्ट’ हे विधेयक २००१ मध्ये प्रथम मांडले गेले, तेव्हापासून समर्थकांनी हाच धागा पुढे नेला. डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये ६० मतांची गरज असताना ते ५५ वर अडले. मग १५ जून २०१२ रोजी ओबामा प्रशासनाने ‘डाका’ योजना जाहीर केली आणि तिच्यामुळे पुढे सुमारे आठ लाख तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण व कामाचा परवाना मिळाला.

या मांडणीने खूप मिळवले, परंतु तिची किंमत आईवडिलांनी मोजली. मुलांचा दोष नाही असे म्हणताच दोष कोणाचा, याचे उत्तरही दिले जाते. ‘ड्रीम ॲक्ट’वरून ‘ड्रीमर्स’ म्हटल्या जाणाऱ्या, चळवळीतल्या तरुणांच्या हे लवकरच लक्षात आले आणि ‘मूळचे ड्रीमर्स आमचे आईवडीलच’ असे ते जाहीरपणे सांगू लागले. आईवडिलांसाठी २०१४ मध्ये जाहीर झालेली योजना न्यायालयात अडकली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते चार-चार अशी विभागल्याने तिथेच थांबली.

हे लोक करही भरतात, हा दुसरा युक्तिवाद खरा आहे, तरी मला तो अपुरा वाटतो. माणसाचा हक्क त्याच्या उपयुक्ततेवर मोजला, तर आजारी पडलेल्या किंवा काम सुटलेल्या माणसाची बाजू कोण घेणार?

माझ्या मते सर्वांत भक्कम युक्तिवाद काळाचा आहे, आणि आपल्या प्रश्नालाही तोच थेट भिडतो. ठरावीक तारखेपूर्वीपासून देशात सलग राहणाऱ्या, चांगल्या वर्तनाच्या व्यक्तीला कायमच्या वास्तव्याचा अर्ज करू देणारी तरतूद अमेरिकी कायद्यात १९२९ पासून आहे. म्हणजे दीर्घ वास्तव्याने माणसाची मुळे रुजतात, हे तिथल्या कायद्यानेच मान्य केलेले आहे. ती तारीख अनेकदा पुढे सरकवली गेली. १९८६ मध्ये ती १ जानेवारी १९७२ केली आणि तिथेच ती गोठली. १९८६ च्याच कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला आणि त्यानंतरही कागदपत्रांविना येणाऱ्यांची संख्या वाढत गेली, हा विरोधकांचा आक्षेप गंभीर आहे. समर्थकांनी त्याला बगल देऊ नये.

प्रश्न : आमची मुलगी पाच वर्षांची असताना आमच्या एच-१बी व्हिसाच्या आधारे रीतसर अमेरिकेत आली. एकवीस वर्षे पूर्ण होताच तिचा अवलंबित दर्जा संपेल. तिला ‘डाका’ का लागू नाही? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : १५ जून २०१२ रोजी कायदेशीर दर्जा नसणे ही ‘डाका’ची अटच आहे, त्यामुळे रीतसर आलेली मुले तिच्याबाहेर राहतात. कोणत्याही एका देशाला वार्षिक ग्रीन कार्डांपैकी साधारण सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीय पालकांची रांग फार लांब आहे आणि ती सरकण्याआधीच मुले मोठी होतात. निर्दोषपणाच्या भाषेत आपल्या मुलीला जागा सापडली नाही, कारण तिथे कोणाचाच दोष नव्हता. काळाच्या युक्तिवादात मात्र तिला जागा आहे. २०२१ मध्ये अशा मुलांसाठी दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मांडलेल्या विधेयकाने देशातल्या दहा वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याची आणि उच्च शिक्षणाची अट घातली होती, पण ते मंजूर झाले नाही. एकविसावा वाढदिवस येण्यापूर्वी विद्यार्थी व्हिसाबाबत स्थलांतर कायद्याच्या वकिलांचा सल्ला आपण अवश्य घ्यावा.