'विट' म्हणजे विनोदबुद्धी का?

प्रश्न असा आहे: इंग्रजी एम.ए.ला रिस्टोरेशन (१६६०मध्ये राजेशाही परतल्यानंतरचा) आणि त्यापुढचा निओक्लासिकल (नवअभिजात) काळ शिकताना 'विट' (wit) हा शब्द पानोपानी येतो. मराठीत टिपणं काढताना त्याला 'विनोदबुद्धी' म्हटलं तर चालेल का?

नाटकांपुरतं कसंबसं निभेल. कवितेपाशी गाडं अडेल. इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने 'एसे ऑन क्रिटिसिझम' या कवितेत (१७११) खऱ्या विटची ओळख सांगितली आहे ती साधारण अशी: सर्वांच्या मनात अनेकदा आलेलं, पण इतकं नेटकं कुणीच न म्हटलेलं. यात हसू कुठे आहे? त्याआधी कवी-नाटककार ड्रायडनने १६७७ साली विट म्हणजे विचारांचं आणि शब्दांचं औचित्य, असं म्हणून ठेवलं होतं. शिवाय पोप एकाच कवितेत हा शब्द कधी बुद्धीसाठी, कधी कल्पनाशक्तीसाठी, तर कधी चक्क माणसासाठी वापरतो.

हा माणूस भेटतो नाटकात. १६४२ पासून बंद असलेली लंडनची नाट्यगृहं १६६०मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर उघडली आणि दरबारी, छानछोकी, जिभेने तलवार चालवणारा नायक रंगमंचावर आला. त्याची नक्कल करणारेही आलेच. नाटककार काँग्रीव्हच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड'मधल्या (१७००) अशा एका पात्राचं नावच विटवुड, म्हणजे विट व्हायची हौस असलेला. हा सतत उपमा फेकत असतो. वैतागून नायिका मिलामंट म्हणते, पुरे त्या उपमा, मला त्यांचा इतका वीट आलाय, जितका... तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा जोडतो, 'वैद्याला चांगल्या हवेचा!' गंमत म्हणजे वाक्य वाईट नाही. विटवुड आणि खरा विट यांतला फरक काही प्रेक्षकांना पहिले दोन-तीन दिवस कळलाच नाही, असा टोमणा काँग्रीव्हने अर्पणपत्रिकेत मारला आहे तो उगाच नव्हे.

मग मराठीत काय म्हणावं? माझं मत 'वैदग्ध्य'. शब्द जड आहे, मान्य. पण संस्कृत काव्यशास्त्रकार कुंतकाने वक्रोक्तीला (काव्यातल्या वळणदार उक्तीला) 'वैदग्ध्यभङ्गीभणिति' म्हटलं तेव्हा त्याच्या मनात हेच होतं: जाणत्या, नागर माणसाची म्हणण्याची खास ढब. आणि माणसासाठी 'विदग्ध' आयता मिळतो. ('मृच्छकटिका'तला शकाराचा सोबती विट मात्र वेगळा, नाव सारखं पडलं हा योगायोग. इंग्रजी विटचं मूळ आपल्या 'विद्' (जाणणे) धातूशी नातं सांगतं.) संवादांच्या चकमकीपुरतं 'हजरजबाबीपणा' खुशाल लिहावं. पोप विट आणि विवेक यांचं नवराबायकोसारखं भांडण लावतो तिथे 'कल्पनाशक्ती'च बरी. 'कोटी' मात्र जपून वापरा: १७११च्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात निबंधकार ॲडिसनने शब्दांवरच्या कोट्यांना खोट्या विटच्या रांगेत बसवलं आहे, तेव्हा तो शब्द तिथेच शोभेल.